टोपी घातली का?

खालचं झेरॉक्सचं दुकान बंद झाल्यावरच घरातल्या प्रिंटरची आठवण होते. सकाळी शाळेत प्रोजेक्ट द्यायचा असतो, आणि मे महिन्यापासून फडक्याखाली झोपलेला प्रिंटर झाडं पिवळी नि समुद्र गुलाबी छापतो. म्हणजे निळी शाई सुकली. कार्ट्रिज रिकामं नाही, उगाच नवं मागवू नका.

इंकजेटची शाई म्हणजे बहुतांशी पाणी आणि ती कागदावर फवारणाऱ्या हेडची छिद्रं केसाहून बारीक. पाणी उडालं की रंग तिथेच घट्ट बसतो. म्हणून छपाई संपली की हेड एका टोकाला, बहुधा उजवीकडे, जाऊन रबरी टोपीवर बसतं. पण आपला हात थेट भिंतीवरच्या बटणाकडे! हेड वाटेतच अडकलं, तर रात्रभर उघडं राहतं. आधी प्रिंटरचं बटण दाबा, दिवा विझू द्या, मग भिंतीवरचं.

पट्टे आले तर प्रथम नोझल चेक, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेघांचं चाचणीपान काढा. रेघ तुटकी दिसली तर प्रिंटरचं हेड क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा. मग सकाळपर्यंत हात लावू नका. सुकलेली शाई बऱ्याचदा तेवढ्या वेळात भिजून सुटते. हेड कार्ट्रिजवरच असेल, तर कोमट पाण्यात ओला केलेला टिश्यू मिनिटभर त्याखाली दाबून धरावा. क्लीनिंगची शाई तळाच्या स्पंजात मुरते. प्रिंटर त्याचा हिशोब ठेवतो आणि स्पंज भरला की संप पुकारतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्पंज बदलून काउंटर रिसेट करून मिळतो. नुसता रिसेट करून घेतलात, तर एक दिवस टेबलावर काळं तळं दिसेल.

मुंबईच्या पावसाळ्यात कागदही दमट होतो. दोन-तीन एकदम ओढले जातात, कडा वळतात, अक्षरं फुटतात. ट्रेमध्ये दहाच कागद ठेवा, बाकीचे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आडवे. घर्र घर्र होऊनही कागद आत जात नसेल, तर रबरी रोलर धुळीने गुळगुळीत झालाय. धागे न सुटणारं ओलसर फडकं फिरवून पुसा.

आणि आठवड्याला एक रंगीत पान काढा. नुसतं काळं काढून बाकीचे रंग सुकतातच. नोझल चेक काढलंत तरी चालेल. वर चार नक्ष्या, खाली अख्खं पान कोरं. वाण्याची यादी मावते.