गार्डखालचा निळा

शनिवारी दुपारी आमच्या दुकानात दुरुस्तीचं काम जरा सावकाश चालतं. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत, फुलर्टनपासून जवळच आमचं दुकान आहे. आसपासचे जुन्या गिटारींचे शौकीन त्या दिवशी जमतात, कॉफी घेतात आणि आपापल्या फायली उघडून बसतात. फायलींत असतात गिटारींच्या जाहिराती. साठ-साठ वर्षांपूर्वीच्या मासिकांतून कापलेली पानं, कॅटलॉग, दुकानांतून फुकट वाटलेली पत्रकं. कुणी नवीन पान मिळवलं की ते हातोहात फिरतं आणि माझं टेबल शेजारीच असल्यामुळे ते माझ्यापर्यंतही येतं.

मागच्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी अशीच बैठक रंगली होती. एक निवृत्त शिक्षक फेंडर या गिटार कंपनीच्या जाहिराती घेऊन बसले होते. त्या जाहिराती म्हणजे त्यांचा जीव. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहाएक वर्षं फेंडरच्या जाहिराती बॉब पेराइन यांनी केल्या. हा माणूस लगुना बीचचा, मुळात चित्रकार. त्यांनी वादकांच्या जोडीला गावातली शाळाकॉलेजची पोरं-पोरी उभी केली, समुद्रकिनारा आणि उन्हं घेतली. सर्फबोर्डवर उभा राहिलेला तरुण हातातली गिटार सोडत नाही, विमानातून उडी मारणाराही सोडत नाही, आणि खाली ओळ अशी की एकदा घेतलीत की तुम्हालाही ती सोडवणार नाही. शिक्षक स्वतः त्याच किनाऱ्यावर वाढले. ते पान उलटताना म्हणाले, ‘‘आम्हाला गिटार कशी वाजते हे नंतर कळलं. ती हातात असली की आपण कसे दिसू, ते या पानांनी आधी दाखवलं.’’

दुसऱ्या एका बाईंचा ओढा सिअर्स या पोस्टाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगकडे आहे. 1962 साली सिअर्सने सिल्व्हरटोन नावाने एक गिटार काढली, तिच्या पेटीतच ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बसवलेला. किंमत 67 डॉलर 95 सेंट. न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने ती बनवली होती आणि तिच्या पिकअपची (तारांचा कंप टिपणाऱ्या भागाची) नळी म्हणजे खरोखरची लिपस्टिकची नळी. दुकानात पाऊल न टाकता पोस्टाने मागवता येणाऱ्या त्या वाद्यावर अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली किती मुलं शिकली असतील! तिसऱ्या गृहस्थांकडे गिब्सनचं 1968 चं पान होतं. लेस पॉल या आपल्या गिटारीचा मूळ आकार कंपनीने 1961 मध्ये बदलला. पुढे मोठे वादक जुन्या लेस पॉलच शोधू लागले, त्यांचे भाव चढले, आणि शेवटी कंपनीला तो आकार परत आणावा लागला. त्या वेळच्या जाहिरातीची सुरुवातच ‘बरं, जिंकलात तुम्ही’ अशी आहे. एवढ्या मोठ्या कंपनीने गिऱ्हाइकापुढे इतक्या मोकळेपणाने मान तुकवल्याचं मला फार आवडतं.

मी मिरजेचा. आमच्या गल्लीत तंबोऱ्याची जाहिरात कुणी छापली नाही. मैफलीत कोणत्या गवयामागे कुणाच्या हातचा तंबोरा लागला, हीच जाहिरात. जवारी काढणारे हात आणि भोपळ्यावर लाखेचं पॉलिश चढवणारे हात पाहत मी मोठा झालो, आणि वाद्याचं खरं वय नेहमी झाकलेल्या जागी सापडतं हे तिथेच शिकलो. घोडीखाली, खुंटीच्या भोकात, जिथे हात आणि ऊन पोचत नाही तिथे. त्या दुपारी हे शिक्षण कामी आलं.

तीनच्या सुमारास साठीतले बहीण-भाऊ दुकानात आले. भावाच्या हातात तपकिरी पेटी होती. पेटी टेबलावर ठेवून त्यांनी उघडली आणि म्हणाले, ‘‘ही आमच्या वडिलांची. हिला परत निळा रंग द्यायचाय. किती दिवस लागतील?’’

आत फेंडर जॅग्वार होती. 1962 मध्ये आली तेव्हा फेंडरची सगळ्यांत महाग गिटार, 379 डॉलर 50 सेंट. आणि ही हिरवी होती. समुद्राच्या उथळ पाण्यासारखा फिकट हिरवा रंग, हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा वरचा भागही त्याच रंगाचा, कडांवर लाकूड उघडं पडलेलं. विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात वडील नोकरीला होते. गिटार त्यांनी हप्त्यांवर घेतली होती. ते गेल्यावर घर आवरताना ती पलंगाखाली मिळाली. पण वडील आयुष्यभर ‘माझी निळी गिटार’ म्हणत आले होते. एका मूल्यांकन करणाऱ्याने नुसते फोटो पाहून लिहून दिलं होतं की गिटार नंतर कधीतरी रंगवलेली आहे, मूळ रंग कळत नाही. भावाचा संशय त्याहून पुढे गेला होता. ऐंशीच्या दशकात वडिलांनी ती एका नातेवाइकाला वापरायला दिली होती. त्याने एक तर रंगवली किंवा बदलून दुसरीच परत केली. बहिणीला हे पटत नव्हतं. गाडीतही त्यावरूनच वाद झाला असावा, कारण दोघं एकमेकांकडे न बघता माझ्याशी बोलत होती.

रंग काढून नव्याने दिला की जुन्या गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा. पैशांचं सोडा, एकदा सॅंडपेपर लावला की पुरावाच जातो. म्हणून मी त्यांना म्हटलं, ‘‘रंगाचं नंतर बघू. आधी ही कोण आहे ते ठरवू. तुम्ही दोघं बसा.’’

पेटीच्या कप्प्यात एक घडी घातलेलं पान होतं. वडिलांनीच जपलेली फेंडरची जाहिरात. शिक्षकांनी ती लांबूनच ओळखली आणि खुर्ची ओढून टेबलाशी आले. भावाला वाटलं, आता निकाल लागला. पण पान होतं काळंपांढरं. त्या काळातल्या बऱ्याच मासिकांतल्या जाहिराती काळ्यापांढऱ्याच असत. त्यात निळी गिटारही राखाडी आणि हिरवीही राखाडी. तरी एक गोष्ट त्या पानाने लगेच सांगितली. चित्रातल्या गिटारीचा पिकगार्ड (बॉडीवर तारांखाली बसवलेली पातळ पाटी) पांढराशुभ्र होता, समोरच्या गिटारीचा पुदिन्यासारखा हिरवट. तो बदललेला नव्हता. त्या वर्षांत फेंडर हे गार्ड सेल्युलॉइडचे करत असे, आणि ते सेल्युलॉइड काळानुसार असंच हिरवट पडतं. म्हणजे गिटारीचा निम्मा हिरवेपणा त्या गार्डने वाढवलेला होता. डोळा दोन्ही रंग एकत्र बघतो.

मग शिक्षकांनी आपल्या फायलीतून फेंडरचा रंगांचा तक्ता काढला. तेव्हा यादीतल्या किमतीवर 5 टक्के जास्त भरले की फेंडर आवडीचा रंग देत असे. हे रंग ड्यूपॉंट कंपनीचे, मोटारींचेच. फिएस्टा रेड फोर्डचा, सर्फ ग्रीन शेवरलेचा, सोनिक ब्लू कॅडिलॅकचा. सर्फ बोर्ड आणि मोटार या दोन गोष्टींच्या वेडात असलेल्या मुलांना तेच रंग गिटारीवर मिळाले, यात त्या सगळ्या जाहिरातींचं मर्म आहे असं मला वाटतं. तक्त्यावरच्या सर्फ ग्रीनशेजारी गिटार धरली तर बऱ्यापैकी जुळत होती. भाऊ म्हणाले, ‘‘म्हणजे ही मुळातच हिरवी! म्हणजे ही बाबांची नाहीच.’’ बहीण गप्प झाली.

इथे मी थांबवलं. छापील रंगावर असा विश्वास टाकता येत नाही. आमच्या दुकानाच्या भिंतीवर खिडकीसमोर एक जुनी रंगीत जाहिरात फ्रेममध्ये आहे. ती मी त्यांना दाखवली. उन्हात छपाईची लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते, त्यामुळे त्या चित्रातली माणसंसुद्धा निळसर झाली आहेत. शिक्षकांचा तक्ता उलट अंधारात जपलेला, शाई टिकलेली, पण कागद पिवळा पडलेला. त्यावरचा प्रत्येक निळा थोडा हिरव्याकडे झुकलेला. एक पान निळं झालेलं, दुसरं पिवळं, आणि समोरची गिटारही साठ वर्षं त्याच हवेत राहिलेली. शिक्षकांनी मान हलवली. आपल्या संग्रहाबद्दल असं ऐकून घेणं सोपं नसतं, पण त्यांनी स्वतःच तक्ता बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘‘उघडा.’’

मी तारा सैल केल्या, नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, काढला. टाचेवर शिक्का होता: 1 नोव्हें 63 बी, इंग्रजीत. पहिला 1 हा जॅग्वारचा आकडा, शेवटचं अक्षर नेकच्या रुंदीचं. वय तर ठरलं, फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली गेली त्याच्या आधीचं. ही विक्री जानेवारी 1965 ची, 1 कोटी 30 लाख डॉलरना झालेली, आणि त्याआधीच्या वाद्यांना शौकीन जास्त मान देतात. नेक जिथे बसतो त्या खाचेत रंग होता, पण मधोमध एक लांबट पट्टा कोरा. फवारणी करताना बॉडी धरायला फेंडरचे कारागीर त्या खाचेत एक काठी स्क्रूने बसवत. काठीखाली रंग पोचत नसे. नंतर कुणी गिटार रंगवली की ही सावली बहुतेक वेळा पुसली जाते. इथे ती स्वच्छ होती.

मग पिकगार्ड. जुनं सेल्युलॉइड आकसलेलं असतं, स्क्रूच्या भोकांशी ताण असतो, घाई केली की चरा जातो. मी एकेक स्क्रू थोडा थोडा सैल करत गेलो. एव्हाना सगळी बैठक माझ्या टेबलाभोवती उभी होती, सिअर्सवाल्या बाईंनी दिवा धरला होता. शेवटचा स्क्रू निघाला, गार्ड खालच्या बाजूने उचलला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला.

खाली निळा होता. फिकट, दुधाळ, जानेवारीतल्या सकाळच्या आभाळाचा निळा. सोनिक ब्लू. गार्डच्या कडेची रेष जिथे होती तिथे निळा संपून हिरवा सुरू होत होता, इतका नेमका की बोट ठेवून दाखवता येईल. आतल्या पितळी डब्यांभोवती, रंगवण्याआधीच वाळवणीसाठी ठोकलेल्या खिळ्यांची बारीक भोकं होती आणि त्या भोकांत रंग नव्हता. म्हणजे एकदाच रंगलेली, कारखान्यातच. आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटवरचा आकडा 304 ने सुरू होत होता, स्टॅकपोल कंपनीचा, पुढचे 63 वर्षाचे. सोल्डर कुणी कधी छेडलेलं नव्हतं.

दोघांना मी समजावलं. रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. नायट्रोसेल्युलोजचं ते लॅकर ऊन, हवा, सिगरेटचा धूर यांनी पिवळं पडत जातं. निळ्यावर पिवळा थर चढला की डोळ्याला हिरवा दिसतो. वडिलांनी 1964 च्या आसपास दुकानातून आणली ती निळीच होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती इतकी हळूहळू बदलली की त्यांच्यासाठी ती निळीच राहिली. नातेवाइकाने काहीही केलेलं नव्हतं.

भाऊ बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिले. मग बहिणीला म्हणाले, ‘‘त्याला फोन करायला हवा. मी त्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही.’’ बहीण म्हणाली, ‘‘आजच कर.’’

पेटीच्या कप्प्यात अजून एक पाकीट होतं. त्यात तारा दाबून आवाज बंद करणारा, स्पंज लावलेला छोटा पत्रा होता, स्पंजाचा पार भुगा झालेला. जॅग्वारचं हे साधन कंपनीने मोठ्या हौसेने दिलं होतं आणि वादकांनी तितक्याच घाईने काढून टाकलं, त्यामुळे आज ते गिटारीबरोबर मिळणं दुर्मीळ. वडिलांनी काढलं, पण टाकलं नाही. शिक्षकांनी आपल्या फायलीतलं कॅटलॉगचं पान शोधून तो पत्रा कसा बसतो ते चित्रात दाखवलं. तेव्हा मला पुन्हा पटलं की ही पानं जपणारी माणसं आमच्या कामाला किती लागतात. रंग कागदावर बदलतो, पण कोणता भाग कुठे होता, बटण कोणत्या बाजूला होतं, गार्ड किती पांढरा होता, हे कागद नीट सांगतो. काय विचारायचं ते विचारणाऱ्याला कळलं पाहिजे.

भावाचा एक प्रश्न मात्र उरला होता. वरचा पिवळा थर घासून काढून खालचा निळा परत आणता येईल का? मी नाही म्हटलं. थर कागदाइतका पातळ, खालचा रंगही तसाच, घासता घासता कुठे एक संपून दुसरा सुरू झाला ते हाताला कळत नाही. त्यांना ते आवडलं नाही. लहानपणी ऐकलेली निळी गिटार त्यांना बघायची होती. बहिणीला हिरवीच हवी होती, कारण तिने वडिलांना त्याच गिटारीवर वाजवताना पाहिलं होतं. यावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि ते करून देणं माझं काम नव्हतं.

मी फ्रेट साफ केले, स्पंजाच्या जागी नवा लावला, जुना भुगा पाकिटात परत ठेवला, आणि पाहिलेल्या सगळ्या खुणा लिहून दिल्या. गार्ड परत परत काढू नका, ते सेल्युलॉइड सोसणार नाही, हेही बजावलं. त्यासाठीच गार्ड लावण्याआधी त्या निळ्याचा एक फोटो घेतला. शेजारी रंग तपासायचं कार्ड ठेवून, म्हणजे पुढे छापील फोटोतला निळा बदलला तर किती बदलला ते कार्डावरून कळेल. त्याच्या प्रती काढल्या: एक भावाला, एक बहिणीला, आणि तिसरी शिक्षकांनी मागून घेतली, आपल्या तक्त्याच्या पाठीला लावायला.