हलकी हवी, पण हलक्या प्रतीची नको – आमची वाटचाल

दुकानात येणारा दर दुसरा माणूस आल्या आल्या एकच वाक्य बोलतो, "दादा, ही रायफल जरा हलकी करून द्या ना." मी विचारतो कुठून हलकी करू, की तो गप्प. गेली तीस वर्षं आमचं दुकान या एका प्रश्नावर चाललंय असं म्हटलं तरी चालेल. मुलगी म्हणाली बाबा आपल्या कामाबद्दल एकदा लिहून काढा, लोकांना वाटतं आपण बंदुका विकतो. विकत नाही हो. आम्ही दस्ते करतो, म्हणजे रायफलचा स्टॉक, जे लाकूड खांद्याला लागतं ते. बसवतो, दुरुस्त करतो, पॉलिश करतो. दुरुस्तीचं लायसन आहे, रजिस्टर आहे, आणि गिऱ्हाइकाचं लायसन बघितल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा सोडवत नाही, सख्खा मामा आला तरी.

आजोबा मूळ सावंतवाडीचे, सुतार. तिकडची लाकडी खेळणी, ती रंगवलेली आंबे-केळी-सीताफळं सगळ्यांनी पाहिली असतील, त्या कामात हात बसलेला. मुंबईत आले ते फोर्टमधल्या एका बंदुकीच्या दुकानात दस्ते पॉलिश करायला. तेव्हा शिकारीला जाणारी मोठी गिऱ्हाइकं होती, पारशी शेठ, संस्थानिक, चहाच्या कंपन्यांचे साहेब. सुट्टीआधी रायफली यायच्या, सुट्टीनंतर मोडून यायच्या. पुढे आजोबांनी परळला, हिंदमाताच्या अलीकडच्या गल्लीत स्वतःचा गाळा घेतला. हिंदमाता ऐकल्यावर मुंबईकर हसतो, पाणी कुठे साठतं ते त्याला माहीत असतं. आजोबांना जागा स्वस्त का मिळाली ते पहिल्या पावसात कळलं.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार जवळपास बंद. चांगलंच झालं, हे मी मनापासून म्हणतो, पण आमच्या घरात त्या वर्षापासून चूल बारीक झाली हेही खरं. बाबांनी फर्निचर केलं, कॅरम बोर्डाच्या फ्रेमा केल्या, एक वर्ष तर नुसते क्रिकेट बॅटचे हँडल बसवले. बंदुकीचं काम राहिलं ते कोकणातल्या शेतीसंरक्षणवाल्यांचं, म्हणजे पीक राखायला बंदूक ठेवणाऱ्यांचं, एकनळी, ठासणीची (तोंडातून दारू ठासायची), केपाची, आणि मधूनमधून बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल. ही .३१५ म्हणजे ली-एनफिल्डच्या, इंग्रजी फौजेच्या रायफलीच्या, घराण्यातली, काडतूस मात्र जुन्या ऑस्ट्रियन ८ मिमी मॅनलिखरचं, कारण इंग्रजांना इथल्या माणसांच्या हातात फौजेच्या .३०३ ची काडतुसं नको होती. साहेब गेला पण त्याची भीती काडतुसात राहिली.

वजनाचं वेड आलं कुठून, तर वारशाने. ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, त्यामुळे जे देशात आहे तेच फिरतं. आजोबांची रायफल नातवाच्या लायसनवर चढते, नातू जिममध्ये जातो, यूट्यूब बघतो आणि म्हणतो ही फार जड आहे. बरं, त्याच बंदुकीची इथली किंमत ऐकून परदेशातला माणूस खुर्चीतून पडेल. चेकोस्लोव्हाकियाची साधी ब्रनो .२२, जिला तिकडे जुन्या बाजारात काही शे डॉलर मिळतात, तिला इथे लाखांत मागणी असते. म्हणून मी सगळ्यांना हात जोडून सांगतो की मूळ दस्त्याला पटाशी लावू नका, तो तसाच कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, वेगळा करून घ्या. मूळ लाकूड तासलं की किंमत गेली, वजन किती का कमी होईना.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी संगमेश्वरकडचे एक काका आले, .३१५ घेऊन. वय झालेलं, डोंगरातली बाग, म्हणाले खांदा दुखतो रे, अर्धा किलो काढ यातून. मी तरणाताठा, आपल्याला सगळं येतं असं वाटायचं. बुडाच्या प्लेटखाली तीन आडवी भोकं पाडली, पुढचा भाग पातळ केला, तरी काटा अर्ध्या किलोवर जाईना, म्हणून मानेला हात घातला. मान म्हणजे मुठीत धरायची बारीक जागा, तिथून जेमतेम ऐंशी ग्रॅम निघाले असतील. दिसायला काय सुंदर झाली होती सांगू, हरणाच्या मानेसारखी. काका खुश, मी खुश. तीन आठवड्यांनी काका परत आले, हातात दोन तुकडे. चौथ्या बाराला मान उभी चिरली होती, आणि नशीब म्हणून नुसता अंगठा सोलवटला. काका एक शब्द बोलले नाहीत, चहा घेतला आणि म्हणाले, "तुझे वडील असते तर हो म्हणाले नसते." तो दस्ता मी फुकट नवीन करून दिला, त्याचं काय एवढं नाही, पण ते वाक्य अजून कानात आहे.

चूक काय झाली ते नीट सांगतो कारण अजूनही लोक ती करतात. धक्का सगळा मानेतून जातो आणि लाकूड चिरतं ते रेषेच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेने. मानेत रेषा नळीला समांतर, सरळ धावली पाहिजे, मागे बुडाकडे कितीही नक्षी असू दे, ती शोभेला. त्या दस्त्यात रेषा मानेतच तिरकी बाहेर पडत होती आणि मी वरून तीच जागा बारीक केली. वजन काढायचं तर बुडाच्या पोटातून काढा, पुढच्या भागाच्या आतून काढा, मानेतून कधीच नाही. आजोबा मालवणीत म्हणायचे, "झिला, वजन काय बघतंस, तोल बघ." तोल म्हणजे रायफल दोन बोटांवर ठेवली तर कुठे थांबते. मागून जास्त काढलं की पुढे झुकते आणि हात थकतो, मग काट्यावर हलकी आणि हातात जड.

आणि धक्क्याचं गणित तर कोणी ऐकूनच घेत नाही. तेच काडतूस ठेवून रायफल पाव हिश्शाने हलकी केली, समजा स्कोपसकट, म्हणजे वरच्या दुर्बिणीसकट, ३.६ किलोची २.७ केली, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. काका धक्का कमी कर म्हणून आले होते आणि मी वजन कमी करून तो वाढवून दिला होता! बाहेर काढायला हवा होता तो लोखंडी बटप्लेट आणि लावायला हवा होता जाड रबरी पॅड, आणि दस्त्याची लांबी त्यांच्या हाताप्रमाणे थोडी कमी. नवीन दस्त्यात तेच केलं. वजन जवळपास तेवढंच राहिलं आणि काका म्हणाले आता हलकी वाटते.

खरी हलकी रायफल कशी असते ते मी पहिल्यांदा हातात घेतलं जर्मनीत, न्युरेंबर्गच्या प्रदर्शनात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आयडब्ल्यूए हे शिकारीच्या आणि नेमबाजीच्या सामानाचं प्रदर्शन भरतं तिथे. तिकीट काढून गेलो, चार दिवस थेपले आणि मेथकूट-भातावर काढले. फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट उचलली, २.९ किलोच्या आसपास. दस्ता काचेचे तंतू घातलेल्या प्लास्टिकचा, आतून पोकळ, बोटाने ठोकलं की डब्यासारखा वाजतो. मला आधी हसू आलं. मग बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायची दांडी, ओढला आणि हसू थांबलं, लोण्यातून सुरी गेल्यासारखा. त्यांनी पैसा नळीत आणि बोल्टमध्ये घातलाय, दस्त्यात वाचवलाय, एकच अॅक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो मधला सांगाडा, सगळ्या काडतुसांना वापरलीय, म्हणून किंमत अमेरिकेत तेव्हा हजार डॉलरच्या आत. याला म्हणतात हिशोब. किंबरची ८४एम माँटाना त्याहून हलकी, अडीच किलोच्याही आत, कारण तिची अॅक्शनच छोट्या काडतुसाच्या मापाने बारीक केलेली, म्हणजे वजन दस्त्यातून नाही, मुळातून काढलेलं. किंमत तेव्हा जवळपास दुप्पट.

पण ज्या माणसाचं काम मला आमच्या धंद्यातलं वाटतं तो म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचा मेल्विन फोर्ब्स. त्याने ऐंशीच्या दशकात अल्ट्रा लाइट आर्म्स काढली. केव्हलार आणि ग्रॅफाइटचा दस्ता, वजन एक पौंडाच्या आसपास, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. आणि सगळं जग नळी दस्त्यापासून सुटी ठेवा म्हणत असताना याने नळी पूर्ण लांबीभर दस्त्यात टेकवली, कारण दस्ता इतका ताठ की तो हलतच नाही. लाकडात हे करून बघा, मुंबईच्या पावसात तरी. जुलैमध्ये लाकूड फुगतं, पुढचा भाग नळीला एका बाजूने दाबतो आणि मे महिन्यात मधोमध लागणारी गोळी तळहातभर बाजूला जाते, माणूस मात्र स्कोपला शिव्या घालत बसतो. म्हणून लाकडाच्या दस्त्यात नळीखाली फट हवीच. शंभराची नोट सरकवून बघतो आम्ही, पुढून मागेपर्यंत अडकता कामा नये. पाचशेची चालत नाही का असं एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, म्हटलं ठेवून जा, बघतो.

विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट, १९५२ ची रचना, एकदा आली होती आमच्याकडे वारशातली. तिच्यावरून मी अजून शिकवतो. बारीक नळी, चापाभोवतीचं कडं आणि खालची पट्टी अॅल्युमिनियमची, अक्रोडाचा दस्ता, आमच्या काट्यावर ३ किलो १०० ग्रॅम. लाकूड असूनही. लाकूड जड असतं हा गैरसमज आहे, चांगला अक्रोडाचा दस्ता आमच्याकडे किलोच्या आतबाहेर बसतो आणि साधा प्लास्टिकचाही तेवढाच भरतो, कधी जास्त. लॅमिनेट म्हणजे पातळ फळ्या चिकटवलेला तर सव्वा-दीड किलो, पण पावसात ढिम्म हलत नाही. खरं हलकं फक्त कार्बन, सहाशे-सातशे ग्रॅम. म्हणजे तीन-चारशे ग्रॅमचा फरक, आणि त्यासाठी पैसे पाचपट. आणि मग लोक त्यावर पाऊण किलोची दुर्बीण चढवतात!

मावसभावाचा मुलगा न्यूझीलंडला असतो, तिथे लायसन काढून डोंगरात ताहरच्या मागे जातो. ताहर म्हणजे आपल्या हिमालयातलाच रानबकरा, १९०४ साली तिकडे नेऊन सोडला, आता इतके झालेत की सरकारच कमी करतं. त्याने व्हिडिओ कॉल करून विचारलं, काका, टिक्का घेऊ की किंबर? मी विचारलं वर किती तास चढतोस, बार किती काढतोस. म्हणाला सहा-सात तास, आणि बार दिवसाला एखादा, कधी शून्य. त्याला म्हटलं टिक्का घे, उरलेल्या पैशांत चांगले बूट घे आणि हलकी छोटी दुर्बीण. त्याला पाठीवर तीनशे ग्रॅम कमी हवे होते, ते त्याने शेवटी दुर्बिणीत आणि स्लीपिंग बॅगमध्ये वाचवले.

२६ जुलै २००५ बद्दल थोडक्यात सांगतो. गाळ्यात छातीभर पाणी, गिऱ्हाइकांच्या रायफली वरच्या तिजोरीत म्हणून वाचल्या, पण काश्मिरी अक्रोडाच्या चौदा फळ्या, काही बाबांनी वाळत ठेवलेल्या, तीन दिवस घाण पाण्यात. मी घाई केली, पंख्याखाली वाळवल्या, नऊ तडकल्या. राहिलेल्या पाच कोणी हलवायच्या नाहीत म्हणून आईने त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. त्या तशाच राहिल्या. त्यातली एक फळी आत्ता गेल्या वर्षी वापरली.

निवडणुका आल्या की आमचा सीझन. आचारसंहितेत लायसनच्या बंदुका जमा करतात आणि परत मिळतात तेव्हा काहींच्या दस्त्यावर बुरशी, काहींना टवका. एका ठिकाणाहून तर दस्त्यावर मार्करने नंबर लिहून आलेली रायफल आली, शंभर वर्षांच्या अक्रोडावर, पर्मनंट मार्कर! कोणाला बोलणार. स्पिरिट, मग बारीक पॉलिश पेपर, मग अळशीचं तेल तळहाताने चोळत राहायचं, लाकूड गरम होईपर्यंत. नंबर गेला, पण उन्हात तिरकं धरलं तर अजून एक सात दिसतो.

आता निम्म्याहून जास्त काम शूटिंगवाल्या मुलांचं आहे. वरळीच्या रेंजवरून येतात, स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून पालकही सोबत येतात. गंमत अशी की यांना वजन हवं असतं! एअर रायफलला ५.५ किलोची मर्यादा, तर पोरं त्याच्या जवळ जायला बघतात, पितळेची वजनं स्क्रूने लावून. एका दिवसात सकाळी एकाला वजन वाढवून देतो आणि संध्याकाळी दुसऱ्याचं कमी करायला नकार देतो. काम मात्र तेच, नळीच्या बुडाला काजळी लावायची, दस्त्यात बसवायची, काढायची, जिथे काळं लागलं तिथून पटाशीने केसभर तासायचं, परत बसवायची. एका दस्त्याला साठ-सत्तर वेळा. माझे गुडघे म्हणतात पुरे, पण डोळे अजून बरे आहेत.

मुलगी प्लास्टिक इंजिनिअरिंग करून दुकानात आली आणि तिने एअर रायफलसाठी कार्बनचा दस्ता करायला घेतलाय. पहिला ७४० ग्रॅम झाला, दिसायला झकास, पण हात लावला की तेलकट चिकट. पावसाळ्यात इपॉक्सीच्या हार्डनरला दमट हवा बाधते आणि वर साय धरते म्हणे. मी म्हटलं लाकूडही हेच करतं, फक्त नाव वेगळं. तिला ते आवडलं नाही. तिने काल पोटमाळ्यावर डीह्युमिडिफायर आणून बसवलाय, विजेचं बिल मी भरणार, आणि दुसरा दस्ता आत वाळतोय. बाबांच्या उरलेल्या चार फळ्याही तिने तिथेच सरकवल्यात, मला न विचारता, बरण्या काढून.