भामरागडहून कोल्हापुरात आणलेला ताप

कोल्हापूरहून गडचिरोली म्हणजे राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो, डब्यातल्या भाकऱ्या भुसावळच्या आधीच संपल्या, दुसऱ्या दिवशी नागपूर. पुढे एसटीनं आलापल्ली आणि तिथून जंगलातल्या रस्त्यानं भामरागड. मित्र तिथं आश्रमशाळेत शिक्षक आहे.

निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांनी मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. जायच्या आदल्या दिवसापासून रोज एक, आणि परत आल्यावरही चार आठवडे. "हे शेवटचे चार आठवडेच लोक बुडवतात," ते म्हणाले. मी हसलो.

ऑक्टोबर होता. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम बघत बसावं असाच. मित्रानं पहिल्याच दिवशी बजावलं, दिवस मावळला की फुल बाह्या, पायात मोजे, अंगाला मलम. मलेरियाचा ॲनाफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. मागचा भाग वर उचलून तिरका बसतो, त्यावरून तो ओळखू येतो. रात्री औषध मारलेली मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. चार रात्री मी शहाण्यासारखा वागलो. पाचव्या संध्याकाळी मात्र संगमावर हाफ पँटीत, अंधार पडेपर्यंत. पाण्याचा रंगच तसा होता, काय करणार!

कोल्हापुरात परतल्यावर तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद. मला काय धाड भरलीय, असा विचार.

पंधराव्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली. दोन रजया घेतल्या तरी दात वाजत होते. मग फणफणून ताप, मग घामानं चादर भिजली, आणि संध्याकाळी मी चक्क मिसळ मागितली. एक दिवस बरा, तिसऱ्या दिवशी परत तेच. एका दवाखान्यात 'हवा बदललीय' म्हणून गोळ्या मिळाल्या. चूक माझीच, भामरागडचं नावच मी काढलं नव्हतं. मग आमच्या डॉक्टरांकडे गेलो. प्रवासाचं कळताच त्यांनी त्याच तासाला रक्त तपासायला पाठवलं. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस, आणि आधी जी-सिक्स-पीडीची, म्हणजे पुढची गोळी रक्ताला सोसेल का याची, तपासणी करून प्रायमाक्विन चौदा दिवस. हा जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी परत डोकं वर काढतो. त्याला तिथून उठवायला ही दुसरी गोळी. या वेळी एकही चुकवली नाही.

दोन दिवसांनी आरोग्य खात्याच्या ताई घरी आल्या. मला वाटलं, माझी चौकशी करायला. त्या थेट गच्चीवर गेल्या. आमच्याकडं पाणी भरून ठेवायचं बॅरल, झाकण फुटलेलं. त्यांनी बॅटरी मारली. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या अळ्या. "डेंगीच्या अळ्या डोकं खाली करून लोंबकळतात. या मलेरियावाल्या दिसतात," त्या म्हणाल्या. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही हा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून, घासून, कोरडं ठेवायचं. टाकीच्या व्हेंट पाइपलाही त्यांनी जाळी बांधायला लावली.

म्हणजे जंतू मी आणला होता आणि डास आमच्या गच्चीवर तयार होते. मध्ये फक्त एका चाव्याचं अंतर.

त्या रात्री आईनं भामरागडला नेलेली मच्छरदाणी माझ्या पलंगावर बांधली. शेजारच्या काकू डोकावल्या. "आता कशाला गं? डास चावून झाला की त्याला."

"आता ह्येच्यापासनं डासास्नी जपायचंय," आई म्हणाली.