तुम्ही विचारलंत म्हणून: मी 'हेच घ्या' असं सरळ का सांगत नाही

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. बाई, बहात्तर टक्के पडलेत, सायन्स घेऊ की कॉमर्स? बाई, डिप्लोमाला नंबर लागेल का? मी माहिती द्यायला लागले की पुढचा प्रश्न ठरलेलाच, एवढी वर्षं शिकवताय, मग सरळ एक काय ते का सांगत नाही? यंदा तर एका आईने तोंडावर विचारलं, अंगाशी येईल म्हणून टाळता का? लागलं मला ते. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

मी कोपरखैरण्यात गणित-विज्ञान शिकवते आणि करिअर मार्गदर्शन हे माझ्याकडचं जास्तीचं काम. त्याचं ट्रेनिंग दोन दिवसांचं, वेळापत्रकात तास नाही, कोणाचा तरी ऑफ पिरियड मिळाला की मुलांना घेऊन बसायचं. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ मध्येच म्हटलं होतं की दहा शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक तरी असू दे. माझ्या ओळखीच्या दहा शाळा मोजल्या तर असा एकही माणूस नाही. ही सबब नाहीये. म्हणजे थोडी आहे, पण खरं कारण वेगळं आहे.

२०१८ मध्ये दहावीला कल चाचणी होती, कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं, त्यात मुलाचा ओढा कुठे ते कळायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा कल तांत्रिक आला. मला आनंदच झाला, कारण लॅबमधला बंद पंखा, स्विचबोर्ड, त्याने हात लावला की चालू व्हायचं. टक्के बहात्तर. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, याला आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घाला.

वडील माथाडी, तुर्भ्याच्या मार्केटात. दुपारी काम टाकून आले होते, शर्टाला गोणीचा भुसा तसाच. ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, तुमचा मुलगा काय करतो? मी म्हटलं, अकरावी सायन्सला आहे. त्याला किती होते? मी गप्प. सत्तर होते. यांच्या मुलापेक्षा दोन टक्के कमी, आणि मी ठाण्यातल्या क्लासची फी हप्त्याने भरत होते. ते आवाज न चढवता म्हणाले, मग माझ्याच पोराला का? मी काहीतरी बोलले, आवड वेगळी असते, कल वेगळा असतो, चाचणीचा कागद पुढे सरकवला. त्यांनी विचारलं, तिथून पुढं काय, तिथंच संपतं का? आणि मला ते माहीत नव्हतं. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमावरून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत मी आयटीआयची पायरी कधी चढले नव्हते. मुलगा दाराशी उभा होता, दप्तराचा पट्टा धरून. त्याला कोणी काही विचारलं नाही, मीही नाही.

त्यांनी त्याला सायन्सला घातलं.

पुढच्याच महिन्यात मी वागळे इस्टेटच्या आयटीआयत जाऊन आले, एकटीच. लेथवर काम करणारी मुलं बघत कितीतरी वेळ उभी राहिले आणि मनात एकच, हे मी आधी का नाही बघितलं.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, मुलाचा हात चालत होता, तू बरोबरच सांगितलंस, उलट अजून जोर लावायला हवा होतास. मी तिला म्हणते, मग स्वतःच्या मुलाला का नाही सांगितलंस? यावर ती काही बोलत नाही, पण हरतही नाही.

२०२३ मध्ये तो कोपरखैरणे स्टेशनवर भेटला. बीएस्सी अर्धवट सोडलेली, महापेला एका गोडाऊनमध्ये नाईट शिफ्ट. पगार वेळेवर होतो म्हणाला. मी तो विषय काढला तर म्हणाला, बाई, ती चाचणी मी नीट दिलीच नव्हती, सगळ्यांना उरकायची घाई होती, शेजारचा दाबत होता तेच मी दाबलं. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर मी त्याच्या वडिलांशी बोलले तो कागद त्याचा नव्हताच. मग तुला काय करायचं होतं? तो जरा थांबून म्हणाला, माहीत नाही बाई, आयटीआय मी पण कुठे बघितलं होतं.

म्हणून मी आता आठवीपासून मुलांना घेऊन जाते, आयटीआय, गॅरेज, जिथे आत घेतील तिथे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायचं लिहिलंय, मुख्याध्यापकांपुढे मी तेवढंच पान ठेवते. त्यातून दोन दिवस मिळतात. पालकांनाही बोलावते, गेल्या खेपेला तिघे आले. याने काय बदलेल सांगता येत नाही, पण दहावीच्या निकालानंतर चार दिवसांत फॉर्म भरताना एका बाईने फोनवर ठरवण्यापेक्षा हे बरं, एवढं मला वाटतं.

त्या आईला मी म्हटलं, टाळत नाहीये, येत्या मंगळवारी मुलीला घेऊन या, मी पण येते, आपण दोन ठिकाणं बघू आणि मग ती काय म्हणते ते ऐकू. कळवते म्हणाल्या. अजून फोन आलेला नाही.