‘फोटो खंय काडतत?’ : दवाखान्यातली वाट सुधारताना

गेल्या जुलैत बाबा मागच्या अंगणात शेवाळावरून घसरले. चिऱ्याचं अंगण, त्यावर आठ दिवस न थांबलेला पाऊस. घोटा बघता बघता सुजला. त्यांना रिक्षात घालून आम्ही सिंधुदुर्गातल्याच एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. जुनी कौलारू चिरेबंदी इमारत आणि तिला मागून जोडलेली नवी तीन मजली इमारत, असा तो दवाखाना आहे. दारातच क्यूआर कोड लावला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘मोबाईलवर वाट शोधा’. मी कोड स्कॅन केला आणि ‘एक्स-रे’ शोधलं. काहीच आलं नाही. ‘क्ष-किरण’ टाइप केल्यावर नकाशावर रेघ उमटली. व्हीलचेअर ढकलत मी त्या रेघेवरून निघाले आणि दोन्ही इमारती जिथे जोडल्या आहेत तिथल्या पाच पायऱ्यांसमोर येऊन थांबले. मागे वळायला जागा नव्हती, मागून माणसं येत होती. शेवटी दवाखान्यातल्या दोन मामांनी खुर्ची उचलली. उचलताना बाबांचा तोच पाय कठड्याला लागला. ते ओरडले नाहीत, फक्त माझं मनगट धरलं. त्या पायऱ्यांपासून वीस पावलांवर रॅम्प होता, हे मला परत जाताना कळलं.

मी पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि आता गावातूनच काम करते. ती रेघ चुकीची का आली, हे मला त्या रात्री झोपताना बऱ्यापैकी ठाऊक होतं. अशा ॲपमध्ये इमारत म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा असतात. दोन ठिपक्यांमधला सगळ्यात जवळचा रस्ता काढायची संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांची रीत 1959 सालची आहे आणि ती अचूक चालते. पण प्रत्येक रेघेवर नुसतं अंतर लिहिलं असेल तर तिच्या दृष्टीने पाच पायऱ्या म्हणजे दीड मीटरचा सपाट रस्ताच. दोन आठवड्यांनी मी विश्वस्तांना पत्र दिलं, की हे काम मी पैसे न घेता बघते. त्यांनी मानलं. एकच अट घातली, कुठल्याही पेशंटला त्रास होता कामा नये आणि कोणाच्या कागदाचा फोटो काढायचा नाही. अट योग्यच होती.

पहिला आठवडा मी ॲपला हातच लावला नाही. केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर वही घेऊन बसले आणि लोक वॉचमन काकांना, सिस्टरांना, मावशींना काय विचारतात ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. ‘फोटो खंय काडतत?’ (म्हणजे एक्स-रे कुठे काढतात?) ‘रगात खंय देवचा?’ ‘गोळये खंय गावतत?’ ‘ह्या कागदार सही कोण मारता?’ आणि पाट्यांवर काय होतं? ‘क्ष-किरण विभाग’, ‘विकृतिशास्त्र प्रयोगशाळा’, ‘औषध वितरण कक्ष’. आठवडाभरात एकाही माणसाच्या तोंडून मी ‘विभाग’ हा शब्द ऐकला नाही. लोक आपलं काम घेऊन येतात आणि कामाच्याच नावाने जागा विचारतात. पाट्या ज्याने लिहिल्या त्याने दवाखान्याची कागदोपत्री रचना लिहिली होती. ॲपने त्याच पाट्या जशाच्या तशा उचलल्या होत्या. माझ्या मते अर्धं दुखणं इथेच होतं. पुढे मी जे जे केलं ते सगळं या वहीवरच उभं आहे.

मग चाचण्या. किती माणसं घ्यायची हा प्रश्न नेहमी येतो. ॲप वापरायला किती सोपं हे तपासणाऱ्या निल्सन आणि लँडॉवर या अभ्यासकांनी 1993 मध्ये मांडलेला हिशोब या कामातल्या लोकांना पाठ असतो. त्यांच्या प्रकल्पांमध्ये एका माणसाकडून सरासरी 31 टक्के अडचणी सापडल्या, म्हणून पाच माणसांत सुमारे 85 टक्के सापडाव्यात. पण हा हिशोब सारख्या तऱ्हेच्या माणसांना लागू होतो. आमच्याकडे मोबाईलवर झटपट बोटं फिरवणारी कॉलेजची पोरं येतात आणि फोन फक्त मुंबईच्या मुलाचा उचलायला वापरणाऱ्या आजीही येतात. म्हणून मी पाच-पाचांचे दोन गट केले. पेशंट नकोत, सोबत आलेले आणि मोकळे बसलेले नातेवाईक घ्यायचे. प्रत्येकाला तीन कामं दिली: एक्स-रेच्या खोलीपर्यंत जा, तिथून रक्त तपासणीला जा, तिथून औषधाच्या खिडकीशी या. चालताना मनात येईल ते मोठ्याने बोला, एवढंच सांगितलं. मी चार पावलं मागे. बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही. सगळ्यात कठीण हेच असतं. माणूस चुकीच्या दाराकडे निघाला की तोंडापर्यंत शब्द येतात.

दुसऱ्या गटातल्या एक आजी मला कधी विसरता येणार नाहीत. माझा फोन त्यांनी दोन्ही हातांत ताटासारखा धरला होता. केसपेपरच्या खिडकीपासून दहा पावलं गेल्या आणि ॲपमध्ये आपली जागा दाखवणारा निळा ठिपका उडी मारून वरच्या मजल्यावर गेला. आजी थांबल्या. त्यांनी वर छताकडे बघितलं, मग पायांकडे, मग माझ्याकडे. ‘बाय, मी हंय उभी आसय, आणि ह्यो ठिपको माडयेर कित्याक गेलो?’ त्यानंतर त्यांनी फोन मला परत दिला आणि समोरून येणाऱ्या मावशींना विचारून सरळ एक्स-रेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

ठिपक्याच्या उडीचं कारण इमारतीत होतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की स्लॅबखाली आणि जाड चिऱ्याच्या भिंतींआड त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून आत भिंतींवर ब्लूटूथ बीकन, म्हणजे सतत सिग्नल सोडणारी छोटी यंत्रं, लावले होते, कोणत्या बीकनचा सिग्नल किती जोरात येतो त्यावरून फोन जागा ठरवतो. हा सिग्नल 2.4 गिगाहर्ट्झचा, आणि तो पाण्यात शोषला जातो. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी पाणीच. आठवडी बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात माणसाला माणूस लागलेला असतो. तेव्हा शेजारचा बीकन माणसांच्या आड जातो आणि उघड्या चौकातून वरच्या मजल्यावरचा थेट दिसतो. फोनला तोच जवळचा वाटतो. मजला ओळखण्यासाठी हवेच्या दाबाचा सेन्सर वापरता येतो, पण स्वस्त फोनमध्ये तो नसतो. शिवाय एका मजल्यामागे दाबात फरक पडतो तो जेमतेम 0.4 हेक्टोपास्कल, आणि इथली हवा दिवसभरात स्वतःच त्याहून जास्त वरखाली होते.

मी विश्वस्तांना सांगितलं, हलता ठिपका बंद करू. हे पटवायला तीन बैठका गेल्या, कारण त्यावर पैसे खर्च झाले होते आणि तो दिसायला छान दिसायचा. पण चुकीची जागा छातीठोकपणे दाखवणारा ठिपका नसलेला बरा, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी जिथे वाट फुटते अशा प्रत्येक ठिकाणी एक क्यूआर कोड लावला. तो स्कॅन केला की तुम्ही कुठे उभे आहात हे ॲपला नक्की कळतं. पुढची वाट मीटरमध्ये नाही, दिसणाऱ्या वस्तूंमध्ये सांगायची: चौकातलं तुळशीवृंदावन उजव्या हाताला ठेवून पुढे, पिण्याच्या पाण्याची टाकी लागली की डावीकडे. रेघांच्या यादीत पायऱ्या, रॅम्प आणि लिफ्ट वेगळ्या नोंदवल्या आणि वाट शोधताना पहिलाच प्रश्न घातला, ‘पायऱ्या चालतील का?’ दोन रॅम्प मी टेप घेऊन मोजले. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. एक रॅम्प त्यात बसला. दुसरा फार उभा निघाला, तो वाटेतून काढून टाकला आणि तसं लेखी कळवलं.

भिंतीवरच्या नकाशांचं काम मात्र मला चाचणी होईपर्यंत सुचलंही नव्हतं. चार ठिकाणी ‘आपण येथे आहात’ असे नकाशे होते, चारही एकाच फाइलमधून छापलेले, सगळ्यांत मुख्य दरवाजा खाली. पण भिंती चार दिशांना. एका नकाशासमोर उभं राहिलं की नकाशातला डावा हात म्हणजे खरा उजवा हात. शिकलेली, नकाशा सहज वाचणारी माणसंही तिथून नेमकी उलट निघाली. मार्विन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात हेच तपासून दाखवलं आहे: बघणाऱ्याच्या समोर जे आहे ते नकाशात वरच्या बाजूला हवं. चार नकाशे चार तऱ्हेने फिरवून छापून आणले. सगळ्या कामात सगळ्यात कमी खर्च याचा आला आणि फरक पहिल्याच दिवशी दिसला.

पाट्या बदलताना थोडी ओढाताण झाली. ‘क्ष-किरण’ हा शुद्ध शब्द काढू नका, असं एका ज्येष्ठ विश्वस्तांचं म्हणणं होतं. त्यांचं भाषेवरचं प्रेम मला समजत होतं. शेवटी वर मोठ्या अक्षरात ‘एक्स-रे (फोटो)’ आणि खाली लहान अक्षरात ‘क्ष-किरण विभाग’ असं ठरलं. ‘विकृतिशास्त्र’ जाऊन ‘रक्त-लघवी तपासणी’ आलं. ॲपच्या शोधात वहीतले सगळे शब्द घातले. ‘फोटो’, ‘रगात’, ‘गोळये’ काहीही लिहा, जागा मिळते. मुख्य दाराच्या पोर्चमध्ये पावसाळ्यात पाणी साचतं आणि चार महिने निम्मे लोक मागच्या शेडकडून आत येतात, हे कोणीच धरलं नव्हतं. तिथेही पाटी, नकाशा आणि कोड लावला.

डिसेंबरात फेरचाचणी घेतली, नवी दहा माणसं. शेवटी एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरायला किती सोपं ते मोजणारी दहा विधानांची प्रश्नावलीही भरून घ्यायला गेले. जॉन ब्रुक यांनी 1986 मध्ये केलेली ही प्रश्नावली सगळीकडे चालते, 100पैकी 68 ही साधारण सरासरी धरतात. तिच्यात एक विधान स्तुतीचं, एक तक्रारीचं, असं आलटून पालटून येतं. आमच्या लोकांनी दोन्हींना भरभरून पाचपैकी पाच गुण दिले, ‘इतक्या कष्टान केलास, कमी कशे देव?’ मी तो आकडा अहवालात घातला नाही. त्याऐवजी कोण कुठे थांबलं, कोणी कितीदा विचारलं, कोण उलट फिरलं एवढंच लिहिलं. दहापैकी आठ जण कोणालाही न विचारता तिन्ही ठिकाणी पोचले. उरलेले दोघे लिफ्टपाशी अडकले. लिफ्टमधल्या ‘1’ या बटणाला ते तळमजला समजत होते. आता बटणांच्या बाजूला ‘खाली’, ‘पहिली माडी’, ‘दुसरी माडी’ असं लिहिलं आहे.

खोल्या हलतात. जानेवारीत सोनोग्राफी वर गेली आणि ॲप दोन दिवस जुनीच जागा दाखवत राहिलं. म्हणून केसपेपरच्या खिडकीत एक वही ठेवली. खोली हलली, पाटी पडली, कोड फाटला, की जो बघेल त्याने लिहायचं, आणि मी शनिवारी जाऊन बघायचं. गेल्या शनिवारी वॉचमन काकांच्या अक्षरात नोंद होती: ‘मागच्या दारावरची पाटी हलता. स्क्रू गंजले.’ खाऱ्या हवेत साधे स्क्रू वर्षभरही टिकत नाहीत. बुधवारी कुडाळच्या बाजारातून स्टेनलेस स्टीलचे आणून ठेवलेत, उद्या सकाळी जाऊन बसवते.