कॉइल आहे, वास नाही

आज स्वतःचीच जरा लाज वाटली. मशीन थांबल्याचा निरोप आला आणि मी पॅनेलचं दार उघडायच्या आधी लॅपटॉप उघडला.

नोकरीला लागलो तेव्हा फॉल्ट शोधायचा म्हणजे आधी नाक, मग कान. जळक्या कॉइलचा वास दारातच यायचा. कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच) घुरघुरत असला की तो पूर्ण ओढला जात नाहीये हे कळायचं. बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायची. रिलेंच्या जागी पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे कॉम्प्युटर, आले (सुरुवातीचा मॉडिकॉन ०८४ हा १९६९ सालचा), तेव्हा त्यांची लॅडर, म्हणजे प्रोग्रामची आकृती, मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली गेली, इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून. त्यामुळे स्क्रीनवर अजून कॉन्टॅक्ट आहे, कॉइलही आहे. वास तेवढा गेला.

आजचा फॉल्ट छळवादी होता. मशीन मध्येच थबकायचं, रीसेट केलं की तासभर सुरळीत. सेन्सरचा दिवा पेटलेला, टर्मिनलवर २४ व्होल्ट. पूर्वी मी सेन्सर बदलून मोकळा झालो असतो, आणि तासाभराने परत तिथेच. या वेळी लॅपटॉपवर ट्रेंड, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचा आलेख, लावून ठेवला. इनपुट जात होता, पण जेमतेम ४० मिलिसेकंद! मल्टिमीटरचा आकडा सेकंदाला दोन-चारदा बदलणार, त्याला हे कुठून दिसावं? इथे स्क्रीनला मानलं.

पण का जातोय, ते ती सांगेना. मग हवा आणि मेन पॉवर लॉक केली, नुसते २४ व्होल्ट चालू ठेवले. हाताखालच्या पोराला लॅपटॉपपाशी बसवलं आणि ड्रॅग चेनमधली (मशीनबरोबर हलणाऱ्या केबलच्या साखळीतली) केबल बोट-बोट वाकवत निघालो.

"आहे सर... आहे... आहे... गेला!"

वरून केबल अगदी धड. अंगठ्याला मात्र तिथे किंचित पोचट लागलं. कापून पाहिलं तर सततच्या वाकण्याने आतल्या तांब्याच्या तारा तुटलेल्या, नुसत्या एकमेकींना टेकून होत्या.

"इथेच आहे हे कसं कळलं, सर?"

"मला कुठे कळलं? तू ओरडलास म्हणून थांबलो."

त्याने तो तुकडा दोन-तीनदा दाबून पाहिला आणि खिशात टाकला. नवी केबल ओढायला पाऊण तास गेला. चेनचे दोन दुवे कुणीतरी आधीच मोडून ठेवले होते, नोंद अर्थातच कुठे नाही.