होडीचं रबर आणि वळिवाचा पाऊस

आमचं घर हिंडलग्याच्या पुढं, वेंगुर्ला रोडला लागून. परड्यात फणसाखाली एक शिडाची होडी उलटी घालून ठेवलीय. रस्त्यानं जाणारा एक तरी माणूस रोज विचारतो, "काय करायलास रे? बेळगावात समुद्र आणतोयस काय?" समुद्र नाही आणत ओ, होडी न्यायचीय. नारळी पौर्णिमा झाली की आंबोली उतरून वेंगुर्ल्याला, मामेभावाकडं.

होडी एंटरप्राइज जातीची. 1956 साली जॅक होल्टनं आखलेली, दोघांची, 4.04 मीटर लांब, निळ्या शिडाची. माझी फायबरची आहे, जुनी. काठाभोवती अ‍ॅल्युमिनियमची पन्हाळीसारखी पट्टी आणि तिच्या खाचेत रबर. धक्क्याला होडी घासली तर मार या रबरानं खायचा. शिवाय त्याच्यामागं स्क्रू झाकलेले असतात.

जुनं रबर म्हणजे खरं तर पीव्हीसी होतं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन पांढरट, कडक झालेलं. वाकवलं की कडाकड मोडायचं. ते निघालं सहज, खरी कटकट होती त्याच्यामागं. आधीच्या मालकानं बाथरूमचं सिलिकॉन ठासून भरलं होतं. सिलिकॉनचा नुसता हात लागलेल्या जागेवरसुद्धा दुसरं काही धरत नाही. दोन रविवार ब्लेड आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. स्क्रूंच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी झाली होती, खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की होते तशी.

नवे स्क्रू 316 चेच घेतले, म्हणजे खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवत होता, "बघा, चिकटत नाही." अहो, साधं 304 स्टेनलेस पण चिकटत नाही! उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलंय माझं. बिल बघूनच घेतले. भोकांत बसच्या काचा चिकटवायचं काळं पॉलियुरेथेन भरलं.

रबर मिळालं ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका मेस्त्रींकडं. ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं, इंग्रजी डी अक्षरासारखं, गुंडाळीतलं. उन्हाला टिकतं, पण तेला-ग्रीसनं फुगतं. म्हणून खाचेत सरकवायला भांडी घासायच्या साबणाचं पाणी घेतलं. खरं सांगतो, हात सवयीनं दोनदा ग्रीसच्या डब्याकडं गेला.

मे महिना, भर दुपार. नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, सुरुवात केली. रबर उन्हानं मऊ झालेलं. एक हात खाचेत दाबतोय, दुसरा पुढचं टोक ओढतोय, कसं छान ताणून बसतंय! मागच्या टोकाला आल्यावर काठाबरोबर कापून टाकलं. एक बाजू तासाभरात झाली. आईला बोलावून दाखवली पण.

संध्याकाळी वळीव आला. रात्रभर गारवा. सकाळी चहा घेऊन परड्यात गेलो तर मागच्या टोकाला दोन बोटं खाच उघडी. रबर आपल्या मूळ लांबीवर परत गेलं होतं.

तुकडा घेऊन मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी कानडीत कुणाला तरी काहीतरी सांगितलं, दोघं हसले. मग मला म्हणाले, "तुम्ही ओढलासा. ओढायचं नाही ओ, ढकलायचं. स्वल्प स्वल्प."

दुसरी गुंडाळी आणली. आधी दोन दिवस अंगणात मोकळी सोडून ठेवली, गुंडाळीचा पीळ जाऊ दे म्हणून. मग वितीवितीनं, अंगठ्यानं मागं रेटत बसवलं. रेटलं की रबर थोडं आखडून बसतं, पुढं ओढ घेत नाही. एका बाजूला सव्वाचार मीटरच्या वर भरतं, त्याला अख्खी सकाळ गेली. अंगठ्याचं नख काळं झालं. टोक चार बोटं जास्त ठेवलं आणि आठ दिवस कात्री लावली नाही. मध्ये दोनदा वळीव होऊन गेला, टोक जागचं हललं नाही.

आखूड पडलेलं पहिलं रबर आईनं लोखंडी फाटकाच्या कडेला लावून घेतलंय. फाटक आता वाजत नाही. दूधवाला आलेलाही कळत नाही.